लाईन गेल्यावर

८ जुलै

पोचलो एकदाचा! चंद्रपूरहून सकाळची एसटी, मग ब्रह्मपुरी, वडसा, आणि दुपारी एकला कुरखेडा. स्टँडवर माझे घरमालक देवाजीभाऊ मोटरसायकल घेऊन उभे होते. खोका छातीशी धरून उतरणारा मी एकटाच, त्यामुळे त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. तिथून चौदा किलोमीटर. नदीवरचा बुटका पूल ओलांडला की हेटीटोला. रस्ताभर दोन्ही बाजूंना धानाचं रोवणं चाललेलं, बायका चिखलात वाकून गाणी म्हणत होत्या. मी मागच्या सीटवर अंड्यांची टोपली धरावी तसा खोका धरून बसलो होतो.

खोक्यात ग्राफिक्स कार्ड आहे. संस्थेनं इथल्या जंगलात एकशेवीस कॅमेरे झाडांना बांधलेत. समोरून काही गेलं की फोटो निघतो. असे लाखो फोटो साठलेत. त्यातून वाघ कुठला, चितळ कुठलं, नुसतं हललेलं गवत कुठलं हे वेगळं करायचं काम कॉम्प्युटर करणार, आणि कॉम्प्युटर सांभाळायचं काम मी, अश्वजित रामटेके. सहा महिन्यांसाठी. दोन वर्षं दुरुस्तीच्या दुकानात दुसऱ्यांचे प्रिंटर साफ केल्यावर ही पहिली स्वतःची म्हणावी अशी नोकरी.

खोली छान आहे. गावाच्या बाहेर, बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर देवाजीभाऊंचं घर, त्याला लागून सिमेंटची नवी खोली, मधली भिंत एकच. भाऊ ढिवर, बोडीत मासोळ्या धरतात. बाकीचं गाव दोन फर्लांगांवर, शाळा त्यालगतच्या टेकाडावर. घरात वच्छलाबाई आणि त्यांची मुलगी रंजीता, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना संपत आलाय. भिंतीला टेकून कोंबड्यांचा खुराडा. जेवायला तरोट्याची भाजी आणि झिंगे होते. दोनदा भात घेतला.

फक्त प्रवासानं फार दमलो. एसटीत शेजारी एक म्हातारी होती, वडशाला तिलाही सीटवरून उठता येईना. कंडक्टरनं हात धरून उतरवलं.

१० जुलै

आज जोडणी. पेटी, मॉनिटर, यूपीएस हे सगळं संस्थेच्या जीपनं आधीच येऊन पडलं होतं. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलं, पण घोळ निघाला. एवढ्या मोठ्या कार्डाला मदरबोर्डाकडून मिळणारी वीज पुरत नाही. पॉवर सप्लायच्या डब्यातून आठ-आठ पिनांच्या दोन तारा थेट कार्डाला द्याव्या लागतात. आमच्या डब्याला तशी तार एकच.

धनराज सरांना फोन केला. ते संस्थेचं चंद्रपूरचं काम बघतात. म्हणाले, मोठा पॉवर सप्लाय मागवतो, चार-पाच दिवस जातील, तोवर काही जुगाड होतो का बघ. माझ्या पिशवीत एक जोड-वायर होती, हार्डडिस्कच्या दोन तारांतून आठ पिनांची एक करणारी. असली जोडणी करू नये, हे दुकानात मीच गिऱ्हाइकांना सांगायचो. पण लावली. मॉनिटर उजळला आणि पहिला फोटो आला: पाणवठ्यावर सांबर, मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघणारं.

वच्छलाबाई दारातूनच बघत होत्या. "काऊन जी, एवढ्या मोठ्या पेटीत टीवी नाई दिसत का?" मी म्हटलं, वाघ दिसेल. त्या म्हणाल्या, वाघ तं आमाले असाबी दिसते.

१२ जुलै

व्हायचं तेच झालं. दुपारी प्लास्टिक जळाल्याचा वास आला. जोड-वायरचं टोक मऊ होऊन कार्डाला चिकटलं होतं. भिंतीवरचा खटका आणि यूपीएस बंद केला, ते टोक ओढून काढलं, दुसरी तारही काढली आणि जेवायला शेजारी गेलो.

अर्ध्या तासानं परत आलो तर कार्डाचे दोन्ही पंखे फिरत होते.

मंद, पण फिरत होते. खटका बंदच होता. बोट लावलं तेव्हा थांबले, बोट काढल्यावर पुन्हा फिरायला लागले. बंद केल्यावर थोडी वीज आत साठून राहते हे खरं, पण ती काही सेकंदांत संपते. खिडकीतून वारा येत असेल. खिडकी लावून घेतली.

१३ जुलै

पेटीवर पाल मरून पडली होती. उचलायला गेलो तर कागदासारखी, बोटात चुरा झाला. बहुतेक आधीपासूनच तिथं असेल, माझं लक्ष गेलं नसेल.

घड्याळाचा पट्टा एक भोक आत घ्यावा लागला. खातो तर दोन माणसांचं.

१६ जुलै

नवा पॉवर सप्लाय आला! देवाजीभाऊंनी कुरखेड्याहून एसटीचं पार्सल आणलं. साडेसातशे वॅटचा, दोन्ही तारा स्वतंत्र, जाडजूड. जोडल्या आणि कार्ड जे चाललं! जुन्या जोडणीत तासाला जेवढे फोटो व्हायचे त्याच्या तिप्पट. एरवी एवढं कार्ड चाललं की खोलीत भट्टी पेटते. हे थंड राहतं. याचं कौतुक धनराज सरांना सांगितलं तर ते म्हणाले, सेकंडहँड असून बरं निघालं म्हणायचं.

३० जुलै

पंधरा दिवस वहीला हात लावला नाही, कारण सगळं उत्तम चाललंय. एक लाख दहा हजार फोटो झाले. सात वाघ वेगळे ओळखता आले. रंजीता दुपारी येऊन बसते, अस्वल दिसलं की हसते. तिला शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे म्हणे, पण कॉम्प्युटर होता मुख्याध्यापकांच्या कपाटात. मी तिला फोटोंना नावं द्यायला शिकवलं. एका वाघिणीला तिनं ठमाबाई नाव दिलं, तिच्या मोठ्या सासूबाईंचं. वच्छलाबाई ओरडल्या तिला, पण पदराआड हसत होत्या.

लाईन इथं रोज जाते, पण तासा-दीड तासात येते. तेवढं यूपीएस कसंबसं भागवतं.

४ ऑगस्ट

परवा संध्याकाळी वादळ झालं, कुरखेडा रस्त्यावर खांब पडला. दोन दिवस लाईन नाही. यूपीएस दोन तासांत बसलं. खोलीत उकडतं म्हणून दोन्ही रात्री भाऊंच्या पुढच्या ओसरीत झोपलो. मला सुट्टीच मिळाली, म्हणून भाऊंबरोबर बोडीवर गेलो, जाळं फेकायला शिकलो. जाळं माझ्याच डोक्यावर पडलं.

आज सकाळी खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या मेलेल्या. नऊ. भाऊ म्हणाले मुंगूस, पण कुठं दात नाही, रक्त नाही. एक उचलली तर नुसती पिसं धरल्यासारखी हलकी. वच्छलाबाईंनी एकीला कापून बघितलं. आत ओलं काही नव्हतं.

खुराडा माझ्या भिंतीला टेकून आहे. भिंतीच्या अलीकडे कॉम्प्युटर. मी खोलीत आलो. दोन दिवस बंद असलेल्या त्या पेटीत पंखे फिरत होते, आणि या वेळी मंद नव्हते.

५ ऑगस्ट

सकाळी रंजीताला उठता येईना. ओठ पांढरे. बाळ कालपासून हललं नाही म्हणाली. आशाताई आल्या, गोळ्या दिल्या, म्हणाल्या रक्त कमी दिसते, कुरखेड्याच्या दवाखान्यात न्यावं लागेल. भाऊ गाडी काढत होते तेवढ्यात लाईन आली. माझा कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला.

दहा मिनिटांत रंजीता उठून बसली. बाळानं लाथ मारली म्हणून रडायला लागली. सगळे हसत होते. मी पण हसलो.

तिचं अंथरूण त्या भिंतीलाच लागून होतं. खुराड्याच्या पलीकडे. आधी कोंबड्या संपल्या, मग ती.

६ ऑगस्ट

खात्री करून घ्यायची म्हणून आज तिघेही रोवण्यावर आणि आशाताईंकडे गेलेले असताना भरदुपारी खटका बंद केला. यूपीएसची तार काढली. कार्डापासून वीतभर अंतरावर हात धरला आणि घड्याळ लावलं.

पहिलं मिनिट काही नाही. दुसऱ्या मिनिटाला पंखे फिरले. मग बोटांची टोकं गार, मग मनगट, मग असं वाटलं की कुणी तरी आतून दोरा ओढून काढतंय. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं. खटका पुन्हा लावायला उठलो तेव्हा भिंतीला धरून जावं लागलं. एकूण सहा मिनिटं झाली होती. हातावरचे केस पांढरे झालेत.

खटका लावला की थांबतं. त्याला वीज हवी. तारेतून मिळाली तर तारेतून घेतं. नाही मिळाली तर जे जवळ असेल त्यातून.

८ ऑगस्ट

धनराज सरांना सगळं सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, तू दमला आहेस, चार दिवस घरी जाऊन ये. मी विचारलं, कार्ड कुणाकडून घेतलं? त्यांनी दुकानदाराला विचारून संध्याकाळी फोन केला तेव्हा आवाज बदलला होता. गावाचं नाव सांगत नाहीत. कार्ड आधी ज्या घरात होतं तिथं एक माणूस आणि त्याची आई होते. गावची डीपी जळाली, नवी यायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार उघडलं. पोलिसांनी उपासमार लिहिलं. घरात तांदळाचा कट्टा भरलेला होता.

सर म्हणाले, तू ते तिथंच टाक आणि निघून ये. भिंतीपलीकडच्या घराचं काय, असं मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

९ ऑगस्ट

चंद्रपूरला नेऊन विजेच्या कारखान्याच्या दारात ठेवावं, हाही विचार झाला. पण नेऊ कसं? एसटीत सहा-सात तास, चाळीस माणसं, तार कशाला जोडणार? त्या दिवशी वडशाला उतरलेली म्हातारी. ती घरी पोचली असेल का?

दुपारी वरवंट्यानं ठेचायला घेतलं. तिसऱ्या घावाला दंडातली ताकदच गेली, वरवंटा पायावर पडला. कार्डावर ओरखडा नाही.

१० ऑगस्ट

आज मी जे केलं ते लिहून ठेवतो. कुणाला विचारलं नाही. सकाळी कार्ड पोत्यात घातलं, दगड बांधला, डोंगा बोडीच्या मध्यावर नेला आणि सोडून दिलं. तिथं पाणी दोन माणसं खोल आहे. पाण्यात विजेची वस्तू मरते, एवढंच डोक्यात होतं. परत येताना इतकं हलकं वाटलं की वल्हवता वल्हवता गाणं म्हटलं.

११ ऑगस्ट

बोडी पांढरी झाली आहे.

काठापासून काठापर्यंत मासोळ्या. रोहू, कतला, मरळ, बोटरे, सगळ्या उलट्या पडून तरंगतायत, वाळलेल्या पानांसारख्या, वाऱ्यानं एका बाजूला सरकतायत. कावळा एकही नाही. देवाजीभाऊ पाळीवर उकिडवे बसले होते. यंदाचं बीज त्यांनी आणि गावातल्या अकरा ढिवरांनी सोडलं होतं, दिवाळीपर्यंत पोट त्यावर. एक मासोळी हातावर घेऊन तिचं वजन बघत राहिले.

मी त्यांना सगळं सांगितलं. पालीपासून. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाबू, तुमी मले पयलेच सांगाले पायजे होतं. माह्या पोरीले मी भिंतीपासून हटवलो असतो." एवढंच.

वच्छलाबाईंनी विचारलं, पाण्यातलं सरलं तं आता कोणाचा नंबर? पाळीवर तर आपलंच घर आहे.

मग भाऊ उठले आणि जाळं घेतलं.

१२ ऑगस्ट

काल भाऊ तीन तास जाळं फेकत होते. मी म्हटलं मी बुडी मारतो, मला हात धरून बसवलं. शेवटी पोतं जाळ्यात आलं. फाटलं होतं. कार्ड भाऊंनी उजव्या हातात उचललं आणि काठापर्यंत तसंच सांभाळलं, दहा मिनिटं. पाणी गळत होतं आणि पंखे फिरत होते.

पुसून, पेटीत बसवून दोन्ही तारा जोडल्या. लाईन होती, नशीब. कॉम्प्युटर सुरू झाला. काहीच न झाल्यासारखा पुढचा फोटो आला.

भाऊंचा उजवा हात मनगटापर्यंत काळपट पडलाय, बोटं मिटत नाहीत. विडी डाव्या हातानं धरतात. माझ्याकडे बघून म्हणाले, जाळं डाव्यानंबी फेकता येते.

१५ ऑगस्ट

आता एकच काम: त्याची तार कधी रिकामी पडू द्यायची नाही. कुरखेड्याच्या डीजेवाल्याकडून भाऊंनी जनरेटर आणलाय. डिझेलचे तीन कॅन. लाईन गेली की मी धावतो. झोप तुकड्या-तुकड्यांत. फोटो संपत आले तर जुनेच पुन्हा लावतो, काम थांबू देत नाही. हे बरोबर आहे का मला माहीत नाही.

पाऊस उघडला की एका गाडीवर जनरेटर आणि कार्ड दोन्ही जोडलेलंच ठेवून चंद्रपूरला न्यायचं, असं ठरलंय. गाडी धनराज सर पाठवणार. फोन लागतो तेव्हा म्हणतात, दोन दिवसांत.

१९ ऑगस्ट

पाऊस उघडत नाही.

२१ ऑगस्ट

पुलावरून पाणी. गाडी येणार नाही. सकाळी अकराला लाईन गेली. लाईनमनला फोन लागला तो म्हणाला, मधले सात खांब नदीत आहेत, पाणी उतरल्यावर बघू. जनरेटर लावला. कॅन तीन.

२२ ऑगस्ट

दोन कॅन. बोडी काठोकाठ. गावातले सगळे शाळेत जाऊन राह्यले. वच्छलाबाई रंजीताला घेऊन गेल्या. रंजीता दारात थांबली, मला म्हणाली तुमीबी चला. मी म्हटलं, कॅन संपले की येतो. तिला खोटं कळलं असणार. भाऊ थांबलेत माझ्यासोबत.

२३ ऑगस्ट

एक कॅन.

भाऊ पोहत नदीपर्यंत जाऊन आले. पलीकडे जाता येत नाही. गावातल्या दोन मोटरसायकलींमधलं पेट्रोल काढून आणलं, ते जनरेटरला चालत नाही.

कार्ड उचलून लांब जंगलात नेऊन टाकावं म्हटलं तर चारी बाजूंनी पाणी. कोरडं एकच टेकाड, त्यावर शाळा. शाळेत साठ-सत्तर माणसं. आणि ती.

२४ ऑगस्ट

भाऊंना पाठवून दिलं. जात नव्हते. मी हात जोडले. म्हटलं, ते जवळचं आधी घेतं, हे आपण बघितलंय. कोंबड्या होत्या तोवर रंजीताला काही झालं नाही. जवळ कुणीच नसलं की मग हात लांब करतं, अख्ख्या बोडीभर केला तसा. मी इथं राहिलो तर ते माझ्याशीच थांबेल. पाणी उतरेपर्यंत. जास्तीत जास्त चार-पाच दिवस. मी तरुण आहे, तेवढा पुरेन.

ते म्हणाले, "आन् नाई पुरले तं?"

मी म्हटलं, तोवर लाईन येईल.

डाव्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि छातीभर पाण्यातून गेले. मी दार लावून घेतलं.

डिझेल दुपारी साडेतीनला संपलं. यूपीएस साडेपाचला.

२५ ऑगस्ट

भात शिजवला होता तो खातोय. जेवढं खातो तेवढं ते घेतं. दारापुढच्या पायऱ्या उतरता येतात अजून.

पंखे फिरतायत. कॉम्प्युटर बंद, मॉनिटर बंद, फक्त पंखे.

दात हलतो.

२६ ऑगस्ट

घड्याळ मनगटावरून पडलं. शेवटच्या भोकावर होतं.

आईला फोन लावायचा होता— बॅटरी नाही. तिला सांगितलं असतं की बरा आहे.

पाऊस—

२७ ऑगस्ट

उभं राहता येत नाही. पेटीजवळच पडून आहे. लांब सरकलो तर— सरकायचं नाही. मीच जवळ हवा.

पाणी उतरतंय का कळत नाही. खिडकी उंच आहे.

आरशात— नको.

२८ ऑगस्ट

पंखे जोरात. मला आता कमी पडायला लागलंय म्हणून— म्हणजे त्याला—

पेन जड.

शाळेतलं कुणी अजून— मला कसं कळणार. मी इथं असूनही ते तिकडे पोचलं असेल तर. मला कळायचा काही मार्गच—

लाईन. एक तास तरी.

२९ ऑगस्ट

ऊन आहे. जमिनीवर पट्टा आलाय.

माणसं बोलतायत. डोंग्याचं वल्हं— पाळीला लागलं.

देवाजीभाऊ. ओरडून सांगतायत— "बाबू! आहे का जी? नातीन झाली! मायलेकी बऱ्या हायेत!"

बरं झालं. बरं—

वच्छलाबाई पण आहेत. पेज आणली म्हणतायत. गरम आहे म्हणे. अजून दोन माणसं. मला उचलून नेणार.

लाईन आली नाही. पंखे— ते आले तसा आवाज बदलला. माझ्या अंगातून ओढणं थांबलं. थांबलं म्हणजे—

ओरडलो. आवाज निघत नाही. जीभ कोरडी, तोंडात हलत नाही. जमिनीवर हात आपटला, आवाज नाही, हाताला वजनच नाही.

भाऊ आत येऊ नका. बाईंना घेऊन मागं व्हा. सगळे मागं व्हा. आधी लाईन आणा मग दार

हे पान दाराखालून सरकवतो. मोठ्या अक्षरात लिहि—

देवाजीभाऊंना वाचता येत नाही.

कडी हलली. खांद्यानं ढकलून राह्यले. म्हणतायत, भिऊ नका बाबू, आमी आलो न—

भाऊ न